साडेतीनशे मीटर

आई मागच्या वर्षी वाईहून आमच्याकडे राहायला आली. आल्या आल्या तिचा पहिला प्रश्न, "भाजी कुठे मिळते गं इथे?" मी मोठ्या कौतुकाने फोन काढला आणि तिला नकाशा दाखवला. हे बघ, हे आपलं घर, हा भाजीवाला, ३५० मीटर, चालत ५ मिनिटं. निळ्या ठिपक्यांची एक छान रेघ आमच्या बिल्डिंगपासून निघून शेजारच्या सोसायटीतून पलीकडच्या रस्त्याला जात होती. आई म्हणाली, अगंबाई, जवळच आहे की.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन निघाली आणि दहा मिनिटांत रिकामी पिशवी घेऊन परत आली. "मागचं गेट बंद आहे."

शेजारच्या सोसायटीचं मागचं गेट लॉकडाऊनमधे बंद केलं होतं ते पुन्हा उघडलंच नव्हतं. कुलूप गंजलेलं, साखळीत मधुमालती चढलेली. त्या गेटशिवाय भाजीवाल्याकडे जायचं तर आमच्या मेन गेटमधून बाहेर पडायचं, मोठ्या रस्त्याने चौकापर्यंत जायचं, चौक क्रॉस करायचा, मग वळसा घालून मागे यायचं. हे मी नंतर फोनवर मोजलं, एका बाजूने १.३ किलोमीटर. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली, लाजच) मी या घरात नऊ वर्षं राहतेय आणि ते गेट बंद आहे हे मला माहीतच नव्हतं, कारण या नऊ वर्षांत मी भाजीला एकदाही चालत गेले नव्हते, एकतर स्कूटर नाहीतर मग ॲपवरून ऑर्डर, दहा मिनिटांत कोथिंबीर दारात आणि तीही कडीपत्त्यासकट.

आमचं घर पुण्याच्या पश्चिमेला, हायवेच्या पलीकडे, जिथे पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्वारी होती तिथे. बिल्डिंगी चकाचक आहेत, प्रत्येक सोसायटीत स्विमिंग पूल, जिम आणि एक जॉगिंग ट्रॅक. हे जॉगिंग ट्रॅक प्रकरण मला आता विनोदी वाटायला लागलंय. चालायला जागा आहे, पण ती गोल आहे. तुम्ही निघता तिथेच परत येता, मधे कुठे पोचायचं नाही.

तर मग मी आईबरोबर एक दिवस त्या लांबच्या रस्त्याने गेले. फूटपाथ आहे बरं का. नाही असं नाही. रंगीत पेव्हर ब्लॉक, कडेला पिवळ्या काळ्या पट्ट्या, फोटोत बघितला तर परदेश वाटावा. पण आमच्या गेटपासून चौकापर्यंत प्रत्येक सोसायटीच्या आणि प्रत्येक दुकानाच्या गाडीला आत जाता यावं म्हणून तो कापलाय, म्हणजे फूटपाथ संपतो, खाली उतरा, उतार ओलांडा, पुन्हा चढा, वीस पावलं चाला, पुन्हा उतरा. मी मोजलं, चौकापर्यंत चौदा वेळा. आईचा डावा गुडघा अधू आहे, ती आडवी होऊन, एका हाताने माझं खांदा-दंड जे मिळेल ते धरून, एसटीतून उतरावं तशी उतरत होती. तिसऱ्या की चौथ्या चढाला ती म्हणाली, "मी आपली रस्त्यानेच चालते" आणि उतरून गाड्यांच्या कडेने चालायला लागली. स्कूटरवरून जाताना मी किती वेळा वैतागून म्हटलं असेल, एवढा चांगला फूटपाथ दिलाय तरी ही म्हातारी माणसं रस्त्यातून का चालतात!

घरी आल्यावर आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन मी परत खाली गेले. फूटपाथची उंची ११ इंच. वॉचमन माझ्याकडे बघत होता, मी काहीतरी सरकारी काम करतेय असा चेहरा केला. नंतर वाचलं की इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठी म्हणून एक वेगळी मार्गदर्शिका आहे, आयआरसी १०३, तिच्यात फूटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको असं म्हटलंय, म्हणजे जेमतेम ६ इंच, आणि चालायला मोकळी जागा कमीत कमी १.८ मीटर हवी, म्हणजे समोरासमोर दोन व्हीलचेअर आल्या तरी जाता यावं. कागदावर सगळं आहे हो. आमच्याकडे त्या १.८ मीटरमधे एक इलेक्ट्रिकचा डीपी, एक बोर्ड, चार बुलेट आणि एक गुलमोहर आहे. त्यातला गुलमोहर तेवढा राहू दे.

वाईत आई रोज किती चालायची याचा हिशोब कुणी कधी केला नव्हता. मधल्या आळीत आमचं घर. सकाळी दूध, मग घाटावर ढोल्या गणपती, येताना भाजी, दुपारी पोस्ट किंवा बँक, संध्याकाळी लायब्ररीत पुस्तक बदलायला, परत एकदा घाट. ढोल्या गणपतीचं देऊळ ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत असेल, त्याची नदीकडची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती बांधलीय, कृष्णेला पूर आला की पाणी दोन्ही बाजूंनी फाटून जावं म्हणून. १७६२ चं बांधकाम, सरदार रास्त्यांनी बांधलेलं. त्या घाटाच्या पायऱ्यांवर आई बसायची. रोज. मला लहानपणी याचा फार कंटाळा यायचा. दूध आणायला दहा मिनिटं पुरेत, आईला पाऊण तास लागायचा. कारण ती चालायची कमी आणि थांबायची जास्त. कुणाच्या ओट्यावर टेकायची, कुणाच्या दारातल्या पायरीवर, मेडिकलवाल्याने तर तिच्यासारख्यांसाठी म्हणूनच एक बाकडं ठेवलं होतं, अगदी काही नाही तर पिंपळाच्या पारावर. गुडघा तेव्हाही दुखायचाच की. पण चाळीस पावलांवर बसायला काहीतरी असायचं.

हे मला तेव्हा कळायला हवं होतं, पण कळलं ते आमच्या लेकाने आईच्या फोनमधे स्टेप्स मोजायचं ॲप टाकलं त्यानंतर. तो तेरा वर्षांचा आहे, आजीच्या तब्येतीची सगळी जबाबदारी स्वतःवर घेतल्यासारखा वागतो. रात्री जेवताना जाहीर करायचा, "आजी, आज फक्त ९०० झाले, १० हजार पाहिजेत." आई म्हणायची, "मोजून काय करायचंय रे, विकायच्यात का?"

त्या १० हजारांच्या मागे मी लागले एकदा. म्हणजे हा आकडा आला कुठून. मला वाटलं होतं कुणी डॉक्टरांनी काढला असेल. तर तो जपानमधला निघाला. टोकियो ऑलिम्पिक झाल्यावर १९६५ मधे तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नाव मानपो-केई, अर्थ दहा हजार पावलांचं मीटर. नाव ऐकायला चांगलं, आकडा गोल, आणि दहा हजाराचं जपानी अक्षरही चालणाऱ्या माणसासारखं दिसतं म्हणे. बस. त्या नावाच्या पायी अर्धी दुनिया आज रात्री अकरा वाजता हॉलमधे येरझाऱ्या घालतेय. मीही घातल्यात, खोटं कशाला बोलू.

पण त्या ॲपचा एक फायदा झाला. ते आईची पावलं मोजायचं, थांबणं मोजायचंच नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं की नकाशावालं ॲपसुद्धा तेच करतं. ते धरून चालतं की माणूस साधारण तासाला पाच किलोमीटरने जाणार आणि मधे कुठेच टेकणार नाही. मी एकदा आईला न सांगता फोनवर वेळ लावला, ६० मीटरला ८० सेकंद. म्हणजे तासाला २.७ किलोमीटर, बसणं न धरता. चौकात चालणाऱ्यांसाठीचा हिरवा माणूस २० सेकंद असतो आणि शेवटचे सात-आठ सेकंद तो पळायला लागतो. आई त्याला म्हणते, "याला काय झालंय, याच्या मागे कुत्रं लागलंय का?" वीस सेकंदांत ती १५ मीटर जाते. रस्ता त्याहून बराच रुंद आहे. मधे डिव्हायडरवर झुडपं लावलीत, उभं राहायला जागा नाही. सुशोभीकरण.

मी ॲपांच्या विरोधात मुळीच नाही, उलट मला त्यांचं व्यसनच आहे. मुंबईत नोकरीला होते तेव्हा लोकलच्या वेळा सांगणारं एम-इंडिकेटर नसतं तर मी दादरच्या पुलावरच कुठेतरी म्हातारी झाले असते. ट्रेकला ऑरगॅनिक मॅप्स, नेट नसलं तरी पायवाटा दाखवतं. पक्ष्यांच्या आवाजावरून नाव सांगणारं मर्लिन नावाचं एक आहे, ते मी फार ऐटीत आईला दाखवायला गेले, खिडकीबाहेर काहीतरी हूप हूप चाललं होतं, मर्लिन विचार करतंय तोवर आई आतून म्हणाली, "भारद्वाज आहे तो, फोन ठेव आणि बघ, दिसला तर चांगलं असतं." आणि आपल्या देशात गूगल मॅप्सने २०१७ मधे खास दुचाकीवाल्यांसाठी वेगळा मोड काढला, त्याचं तेव्हा केवढं कौतुक झालं होतं, गल्लीबोळातून नेतो वगैरे. म्हणजे स्कूटरला बोळ कळतात. मला वाटतं आता एक आईचा मोड पाहिजे. पायऱ्या किती, सावली कुठे, टेकायला काय आहे, गेट उघडं आहे का आणि कुत्री कशी आहेत.

असं मी ऑफिसमधे गमतीत बोलले तर एका मैत्रिणीने सांगितलं, अगं असं आहे की. स्ट्रीटकंप्लीट. अँड्रॉइडवर चालतं. ओपनस्ट्रीटमॅप म्हणून लोकांनी मिळून बनवलेला जगाचा नकाशा आहे, २००४ पासून चाललाय, विकिपीडियासारखाच, कुणीही भर घालू शकतं. हे ॲप तुम्ही जिथे उभे असाल तिथले बारीक बारीक प्रश्न विचारतं आणि तुमचं उत्तर त्या नकाशात जातं. या रस्त्याला फूटपाथ आहे का? डांबर आहे की पेव्हर ब्लॉक? इथे कडेची उंची किती, उंच आहे, कमी केलीय की सपाट? आणि मग एके दिवशी त्याने मला विचारलं, या बाकाला पाठ टेकायला आहे का?

मी तिथेच रस्त्यात उभी राहिले. जगात कुणीतरी, कुठेतरी बसून, हा प्रश्न सुचवला होता. जगातल्या प्रत्येक बाकाला पाठ आहे की नाही याची नोंद व्हावी असं त्याला वाटलं होतं. त्याचीही आई असणार, नक्की.

त्यानंतर दोनेक महिने मी संध्याकाळी ऑफिसातून आले की तासभर हेच. घरचे म्हणायचे, निघाली तलाठी. आमच्या भागातले सगळे कट केलेले फूटपाथ, झेब्रा क्रॉसिंग (चार, त्यातली दोन पुसट), बाकं (सहा, त्यातली पाच सोसायट्यांच्या कंपाउंडच्या आत). बाहेर, म्हणजे सगळ्यांसाठी म्हणून, अख्ख्या भागात एक बाक. नगरसेवकाच्या नावाचं, उन्हात, कचऱ्याच्या डब्याच्या बाजूला. पाठ आहे हो.

डिसेंबरमधे आईला गावात घेऊन गेले, गावात म्हणजे पेठांत. ११ डिसेंबरला पुण्यात पादचारी दिन असतो, २०२१ पासून महापालिका करतेय, त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती हा तुकडा गाड्यांना बंद. एरवी त्या रस्त्यावर माणूस दुकानाच्या पायरीवरून दुकानाच्या पायरीवर उड्या मारत चालतो, त्या दिवशी बायका रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून साड्यांचे भाव सांगत होत्या. पोरं रस्त्यावर खडूने चित्रं काढत होती. आई मधोमध चालली, दोन्ही बाजूंना बघत, सावकाश, आणि म्हणाली, "वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्या कधी बघितल्याच नव्हत्या." मीही नव्हत्या. दुकानदार मंडळींपैकी काहींची कुरकुर चालली होती, गाडी लागत नाही तर गिऱ्हाईक येईल कसं, आणि मी बघत होते की त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. असो, मला धंद्यातलं कळत नाही.

तिथून आम्ही आत बोळात शिरलो. आणि तिथे माझा फोन बावचळला. दोन्ही बाजूंना वाडे नाहीतर वाडे पाडून झालेल्या बिल्डिंगी, मधून जेमतेम आकाश दिसतं, तो निळा ठिपका कधी या वाड्यात कधी त्या वाड्यात. आईचं लग्नाआधीचं एक वर्ष मावशीकडे शिकायला म्हणून पेठेत गेलं होतं. ती फोनकडे न बघता सांगायला लागली, इथून सोन्या मारुती, तिकडे जिलब्या मारुती, मग डावीकडे. तेव्हा पहिल्यांदा मला या पुणेरी नावांमागचं डोकं कळलं. पत्र्या मारुती, भिकारदास मारुती, डुल्या मारुती, पासोड्या विठोबा, निवडुंग्या विठोबा, चिमण्या गणपती, खुन्या मुरलीधर. बाहेरचे लोक हसतात या नावांना, आम्हीही हसतो. पण एकाच गावात शंभर मारुती असले की नुसतं "मारुतीपासून उजवीकडे" म्हणून चालेल का? प्रत्येकाला वेगळं नाव पाहिजे. ज्याच्या भोवती पासोड्या, म्हणजे जाडी पांघरुणं, विकायला बसायचे तो पासोड्या विठोबा. चालणाऱ्या माणसाने चालणाऱ्या माणसाला सांगितलेला पत्ता आहे तो. स्कूटरवरच्या माणसाला जिलब्या दिसणार नाहीत. आणि प्रत्येक खुणेपाशी एक पायरी, एक ओटा, एक सावली, हे मी आता स्ट्रीटकंप्लीटच्या डोळ्यांनी बघत होते. आई तीन मारुतींपाशी टेकली. दीड किलोमीटर चालली त्या दिवशी, गुडघ्याबद्दल अक्षर नाही.

पेठांचं फार गुणगान करायचं नाहीये मला. तिथले रस्ते मोटारींच्या आधीचे आहेत म्हणून चालण्यासारखे आहेत, कुणी मुद्दाम केले नाहीत, आणि आज तिथे राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीला ॲम्ब्युलन्स दारापर्यंत येत नाही याची कायम धास्ती असते. माथेरानचंही तसंच. गाड्या दस्तुरीला थांबतात, पुढे लाल मातीचा रस्ता, १९०७ ची ती मिनी ट्रेन, सगळं स्वर्गासारखं, आपल्याला दोन दिवस. पण वरच्या माणसाला सिलेंडर हवा, आजारी माणसाला खाली न्यायचं, तिथे वर्षानुवर्षं माणसाने ओढायच्या रिक्षा होत्या. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षा सुरू झाल्या आणि केवढे वाद झाले, पण हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच त्या हव्या होत्या. बिनगाडीचं गाव म्हटलं की कुणाच्या तरी पाठीवर ओझं जातंच, ते कुणाच्या, एवढं बघायला लागतं.

मला खरी आवडलेली गोष्ट स्पेनमधली. पाँतेवेद्रा नावाचं गाव आहे, ८० हजारांच्या आसपास वस्ती, म्हणजे फार मोठं नाही. १९९९ पासून त्यांनी गावाच्या मध्यातून गाड्या हळूहळू बाहेर काढल्या. पण मला आवडला तो त्यांचा नकाशा. मेट्रोमिनुतो. दिसायला अगदी मेट्रोचा नकाशा, रंगीत रेघा, स्टेशनं, पण गावात मेट्रो नाहीच. स्टेशनं म्हणजे बाजार, स्टेडियम, दवाखाना, आणि रेघेवर लिहिलेलं चालत किती मिनिटं. साधा कागद. लोकांच्या लक्षातच नसतं की सगळं एवढं जवळ आहे, म्हणून काढलेला.

ते बघून मी आणि लेकाने जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आमच्या भागाचा मेट्रोमिनुतो काढला. मिनिटं आईची. म्हणजे बसण्यासकट. स्टेशनं पण आईचीच: वाण्याचं दुकान (पायरी आहे, बसू देतो), दवाखान्याचा ओटा, इस्त्रीवाल्याचं टपरीखालचं स्टूल, औदुंबर. आणि मधे एक जाडजूड लाल रेघ, मागचं गेट. लेकाने तिथे कवटी काढली.

तो कागद घेऊन मी शेजारच्या सोसायटीच्या कमिटीकडे गेले. बोलणी तीन महिने चालली, ती सगळी सांगत बसत नाही. सिक्युरिटी, बाहेरची माणसं, लहान मुलं पळून जातील, एकाने तर विचारलं की तुम्ही डिलिव्हरी का मागवत नाही. शेवटी त्यांच्याच बिल्डिंगमधल्या दोन आज्या उभ्या राहिल्या आणि ठरलं, सकाळी सात ते नऊ गेट उघडं. मी त्याच रात्री नकाशात वेळ टाकली. सात ते नऊ. तो निळा ठिपका आता खोटं बोलणार नव्हता.

परवा मी घरून काम करत होते. आई साडेनऊला पिशवी घेऊन निघाली. मी म्हटलं, "आई, नऊ वाजून गेले, गेट बंद झालं असेल."

"कुलूप नुसतं अडकवलेलं असतं," ती चपला घालत म्हणाली. "भाऊंना सांगून ठेवलंय."

भाऊ म्हणजे तिकडचे वॉचमन, सातारा रोडचे. त्यांनी गेटपाशी एक जास्तीची खुर्ची आणून ठेवलीय, प्लास्टिकची, एक पाय जरा वाकडा, खाली विटेचा तुकडा. हे नकाशात कुठे टाकायचं मला कळलेलं नाही. आई सव्वादहाला परत आली, मेथी, दोन लिंबं, आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या कुणाच्या तरी सुनेला मुलगी झाल्याची बातमी घेऊन.

"एवढा वेळ?"

"पाच मिनिटांवर तर आहे," आई म्हणाली आणि मेथी निवडायला बसली.